आठशे बाय आठशे

९ जानेवारी

भिंगरे,

तुझं पत्र पोचलं. इंजिनीअर झालीस तरी अक्षर सुधारलं नाही. मामीला दोनदा वाचून दाखवावं लागलं आणि दोन्ही वेळा वेगळं वाचलं गेलं.

फोन का उचलत नाही म्हणून रागावली आहेस. अगं, उचलतो, पण ऐकू काय येणार? एकेचाळीस वर्षं पंपांच्या शेजारी बसून कानांचं जे काही उरलंय त्यात फोन मावत नाही. तू "मामा, जेवलात का" म्हणतेस आणि मला वाटतं कुणाच्या तरी हातून डबा पडला. अंगठ्याने लिहिलेल्या त्या चार शब्दांना मी पत्र मानत नाही. तेव्हा कागद घे आणि लिही.

तुझ्या पंपघरात येऊन मला चार महिने झाले. साहेब म्हणाले होते, पुढच्या वर्षी ऑक्टोबरअखेर निवृत्त होताय, तोवर शुद्धीकरण केंद्रावर जा, तिथे झाडं आहेत, आराम आहे. मी म्हटलं, झाडं तुम्हीच बघा, मला माझ्या भाचीने काढलेल्या पंपघरात बसायचंय. सगळ्या ऑफिसला सांगून झालं. चहा आणणाऱ्यालाही माहीत आहे की नकाशावर सही कोणाची आहे.

खोली लहान आहे. खिडकी एकच आणि ती उघडली की समोर भिंत. टेबल, खुर्ची, पॅनेल, रजिस्टर, एवढ्यात माझी बारा तासांची पाळी. मागच्या दाराने बाहेर पडलं की स्लॅब, स्लॅबखाली विहीर, विहिरीत तुझे दोन पंप. खालच्या वस्तीतल्या दोनशे घरांचं सांडपाणी रोज येतं, पाऊस पडला की वरच्या टेकाडाचं सगळं पाणी धावत इथेच येतं. पंप थांबले तर दोनशे घरांच्या मोऱ्या उलट्या वाहतील. म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसतो. कान नाहीत, पण पंप बिघडला की मला खुर्चीच्या पायातून कळतं.

बाकी झकास. एक विचारायचं होतं, असंच. स्लॅबवरच्या झाकणाचं माप तूच काढलं होतंस का, की ते दुसऱ्या कुणाकडे असतं?

मामी म्हणते, तुला कळवायचं की मामा घरात शिरायच्या आधी बाहेरच कपडे काढतो आणि तरी घरभर वास येतो. तिला कशाचंही निमित्त पुरतं.

मामा

२० जानेवारी

मामा,

आज ऑफिसात तुमचं पत्र वाचून मी एकटीच हसत बसले, शेजारचा सहकारी खुर्ची लांब घेऊन बसला.

तुम्ही तिथे आहात हे मला किती बरं वाटतं, कसं सांगू. हे माझं पहिलं काम, जे मी एकटीने पहिल्या रेघेपासून शेवटच्या बोल्टपर्यंत केलं. दुकानातून उचलून आणलेले पंप नाहीत ते. कुठून किती पाणी येतं, किती उंच चढवायचंय, पाइप किती लांब, त्यात काय काय कचरा येणार, सगळं मोजून त्या जागेसाठी बनवून घेतलेत. पहिल्यांदा मी लहान पंप धरले होते. मग कळलं की टेकाडावरच्या गटारीही पावसात इकडेच जोडणार आहेत. मग सगळा हिशोब पुन्हा मांडला आणि मोठ्या पोटाचे पंप बनवून घेतले, म्हणजे चिंध्या, फडकी आरपार निघून जातील. आमचे सर म्हणाले होते, पहिल्या कामात एवढी उठाठेव कोणी करत नाही. मी केली, कारण मला तुमचा जुना पंप आठवत होता. तुम्ही रोज त्याच्या तोंडातून फडकी ओढून काढायचात आणि मी आठ वर्षांची, बाहेरच्या पायरीवर बसून तुमच्या जेवणाच्या डब्याची राखण करायची.

झाकणाचं माप माझंच. आठशे बाय आठशे मिलिमीटर. का विचारलंत? झाकण जड जातंय का? सांगा, हलकं बनवून पाठवायला लावते.

आठवड्यातून एकदा पंप साखळीने वर काढून तपासायचे हे लक्षात आहे ना? विहिरीत कोणीही उतरायचं नाही, म्हणून तर ती साखळी, तो वरचा तुळईचा तुकडा, सगळा खटाटोप. उतरायची वेळ आली तर समजा की माझ्या डोक्यात काही शिरलेलंच नव्हतं.

मामीला सांगा, साबण बदल.

भिंगरी

४ फेब्रुवारी

भिंगरे,

झाकण जड नाही. सहज विचारलं. प्रत्येक गोष्टीला कारण लागतंच का?

पंप दर सोमवारी वर काढतो. साखळी उत्तम चालते. तुझी मोठ्या पोटाची युक्तीही चांगली आहे, पण लोक गटारात काय टाकतात हे तुला ऑफिसात बसून कळणार नाही. परवा अख्खी विजार निघाली, पट्ट्यासकट. वस्तीत कुणीतरी विजारीवाचून फिरत असणार, आणि त्याला भेटायची माझी इच्छा नाही.

आमचे पर्यवेक्षक महिन्यातून एकदा येतात. रजिस्टर उघडतात, रकाने भरलेले आहेत का ते बघतात, सही करतात, नाकाला रुमाल लावून निघून जातात. मला हसू येतं. सुरुवातीला मलाही वास यायचा, सडक्या अंड्यासारखा. आता येतच नाही. थोडा वेळ गेला की नाकाला सवय होते.

गुडघे जरा कुरकुर करतात. शिड्या चढायचं वय राहिलं नाही.

अजून एक. समज, एखाद्याने नकाशावर सही केली आणि मागाहून त्यात चूक निघाली, तर काय होतं? नुसता नकाशा बदलून देतात की सही करणाऱ्याची वाट लागते? आमच्या इथे एकाचं तसं काहीतरी चाललंय, म्हणून विचारतो. घाई नाही.

मामा

१२ फेब्रुवारी

मामा,

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. चूक किती मोठी यावर आहे. कागदावरच सापडली तर नकाशा बदलतात, सर चार शब्द सुनावतात, झालं. पण काम उभं राहिल्यावर सापडली आणि त्याने कुणाच्या जिवाला धोका असेल तर सहीचा परवाना जातो. गेल्या वर्षी आमच्याकडच्या एकाचा गेला. नोकरीला तीन वर्षं झाली होती त्याला, आता तो दुसऱ्यांच्या नकाशांवर तारखा घालतो. तुमच्या तिथल्या माणसाला सांगा, लपवू नको, लपवलेलं जास्त महागात पडतं.

आता माझा प्रश्न. वास येत नाही म्हणजे काय? तुम्ही वर स्लॅबवर उभे राहून साखळी ओढता. वर उघड्यावर वास येणार आणि जाणार. "थोडा वेळ गेला की" सवय होते असं तुम्ही लिहिलंय. थोडा वेळ कुठे? सांडपाण्यातून निघणाऱ्या त्या विषारी वायूचं असं आहे मामा, की थोडा असला तर वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू संपला असं नसतं. आणि शिडी कुठली? खोली बैठी आहे. त्या सबंध जागेत मी एकच शिडी काढली आहे आणि ती विहिरीत जाते.

इथवर लिहिलं आणि पुढे लिहवेना. उठले आणि कपाटातून जुने नकाशे काढले. आता संध्याकाळचे सहा वाजलेत, पत्र पुन्हा घेतलंय.

मामा, स्लॅबचा नकाशा मी लहान पंप धरून काढला होता. तेव्हा झाकणाखालचं आठशेचं तोंड पुरत होतं. नंतर पंप बदलला. पाइप बदलले, पॅनेल बदललं, मोटर बदलली, सगळं तपासलं. स्लॅबचा कागद आधीच बाहेर गेला होता, तो मी परत मागवलाच नाही. आताचा पंप पायासकट दोन्ही बाजूंनी नऊशे साठ आहे. आठशेच्या तोंडातून नऊशे साठचा पंप निघत नाही. तिरका केला तर उलट जास्त जागा लागते. ठेकेदाराने पंप आधी खाली सोडले असणार आणि मग वरून स्लॅब ओतला, म्हणून तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

तुमच्या लक्षात आलं. तुम्ही पहिल्याच पत्रात विचारलंत.

खरं सांगा. सोमवारी काय करता?

भिंगरी

१९ फेब्रुवारी

भिंगरे,

बरं. सापडलं तुला. तू लहानपणीही अशीच होतीस, खाऊ कुठेही लपवला तरी शोधून काढायचीस.

हजर झालो त्याच दिवशी टेप लावला. नवीन जागी गेलो की मी सगळं मोजतो, ती खोड आहे. तोंड आठशे. मग बॅटरी मारून पंपाकडे बघितलं. दहा मिनिटं तसाच बघत उभा होतो. आदल्या दिवशी मी ऑफिसभर सांगून आलो होतो की भाचीचं काम आहे.

कळवलं असतं तर पहिला प्रश्न काय आला असता? सही कोणाची. तू तुझ्याच पत्रात लिहिलंस की काय होतं ते. नोकरीला दोन वर्षं झाली नाहीत तुला. तुझे वडील गेल्यावर तू माझ्या घरी आलीस, तेव्हा मी कुणाला काही बोललो नव्हतो, पण मनात म्हटलं होतं की हिला काही कमी पडू द्यायचं नाही. एवढं लिहितो आणि पुन्हा लिहिणार नाही.

सोमवारी काय करतो विचारतेस. दुसरा पंप पाणी गुडघ्याखाली आणतो, मग दोन्हीचे खटके पाडतो, शिडीने उतरतो, पंपाची खिडकी उघडून हाताने गुंता काढतो. अर्धा तास लागतो. दार आतून लावतो, कुणी बघायला नको. मी जन्मभर हेच केलंय. आमच्या वेळी साखळ्या कुठे होत्या?

तू आता एक काम कर. गप्प बस. ऑक्टोबरअखेर मी घरी जाईन. वर्षभर कुणाला काही झालं नाही तर पुढे कोण कशाला खणत बसेल? मग हळूच कधीतरी दुरुस्तीच्या नावाखाली तोंड मोठं करून घे. घाईत काही करू नकोस.

मामी विचारते, गावाकडे कधी येतेस. तिला यातलं काहीही सांगायचं नाही.

मामा

६ मार्च

मामा,

मी गप्प बसले नाही. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, लिहून दे. मी तुमच्या कार्यालयाला लेखी कळवलं की चूक माझी आहे, तोंड लहान आहे, पंप वर निघू शकत नाही, विहिरीत माणूस उतरवणं ताबडतोब थांबवा आणि स्लॅब कापा. सही केली आणि मोकळं वाटलं. दोन दिवस नीट जेवले.

काल उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते.

"आपले पत्र मिळाले. सदर पंपघराच्या रजिस्टरची तपासणी केली असता, सप्टेंबरपासून आजवर पंप सव्वीस वेळा वर काढून, साफ करून, पुन्हा खाली सोडल्याच्या नोंदी आढळतात. सर्व नोंदींवर ऑपरेटरची सही आहे. विहिरीत कोणीही उतरल्याची नोंद नाही. सबब आपल्या पत्रात तथ्य दिसत नाही. प्रकरण बंद करण्यात येत आहे."

मामा, हे काय करून ठेवलंत?

सरांनी ते वाचलं आणि मला विचारलं, तुझं मोजमाप तर चुकलं नाही ना? मी त्यांना काय सांगणार? एकेचाळीस वर्षं नोकरी केलेला ऑपरेटर सव्वीस वेळा लिहून देतोय की पंप निघाला. दोन वर्षांची इंजिनीअर म्हणतेय की निघत नाही. कुणावर विश्वास ठेवतील?

आता माझ्याकडे एकच रस्ता उरलाय, आणि तो तुमच्या अंगावरून जातो. मी खरी ठरायची तर तुम्ही खोटे ठरायला हवं. रजिस्टरमध्ये खोटी नोंद म्हणजे काय होतं हे मला तुमच्याकडूनच कळलं होतं. तुम्हीच सांगायचात की एका माणसाला एका ओळीपायी घरी बसवलं.

माझ्या हातून हे करवून घेऊ नका. तुम्ही स्वतः जाऊन सांगा. आपणहून सांगितलं तर थोडं सौम्य घेतील. आणि ऑक्टोबरनंतर कोण, याचा विचार केलात का? तुमच्या खुर्चीवर जो बसेल तो रजिस्टर वाचेल, पंप उचलायला जाईल, नाही उचलला की तोही खाली उतरेल. त्याला तर तुमच्याएवढीही माहिती नसेल.

रोज सकाळी उठले की पहिल्यांदा वार मोजते. सोमवार आला की दुपारपर्यंत माझ्या हातून एक रेघ सरळ येत नाही. कृपा करून लिहा.

भिंगरी

१४ मार्च

तुला गप्प बसायला सांगितलं होतं.

दर सोमवारचा रकाना असतो. "पंप वर काढला, साफ केला, खाली सोडला." रिकामा ठेवला तर विचारतात का ठेवला. पहिल्या सोमवारी तासभर पेन हातात धरून बसलो. एकेचाळीस वर्षांत मी एक खोटी ओळ लिहिली नव्हती. पाऊस मोजायचं भांडं फुटलं होतं तेव्हा "भांडं फुटलं" असं लिहिलं, शिव्या खाल्ल्या, पण अंदाजे आकडा टाकला नाही. आणि तुझ्यासाठी लिहिली. सव्वीस वेळा लिहिली. आता तू म्हणतेस, जाऊन सांगा.

काय सांगू? या खात्यात मी साधा ऑपरेटर. ना शिक्षण, ना हुद्दा. माझ्याकडे एकच गोष्ट आहे की याने लिहिलं म्हणजे तसंच असणार. नवीन साहेब आले की त्यांना सांगतात, आकडा खरा हवा असेल तर ह्याला विचारा. ती एक गोष्ट घेऊन मला घरी जायचंय. सात महिने राहिलेत. तेवढे काढू दे.

प्रकरण बंद झालंय ना? मग बंदच राहू दे. तुझी सही वाचली, माझं नाव वाचलं, पंप चालतोय. यात कोणाचं काय बिघडलं? पुढे कोण बसेल त्याचं मी बघेन, जाताना त्याला कानात सांगून जाईन.

गेल्या सोमवारी वर आल्यावर जरा गरगरलं, म्हणून शिडीपाशी बसलो. ऊन होतं. काही नाही.

मामा

(पाकिटाच्या आतल्या बाजूला, पेन्सिलीने)

भिंगरी, पत्र टाकायला मी चालले आहे म्हणून लिहिते. मला काही सांगत नाहीत पण मी काय दुधखुळी आहे? ऊन नव्हतं. "जरा" नव्हतं. दुपारी पुढच्या पाळीचा बदलीवाला लवकर आला, दार आतून बंद, हाका मारून उत्तर नाही, म्हणून मागच्या भिंतीवरून चढून गेला. हे शिडीच्या वरच्या दोन पायऱ्यांना धरून लोंबत होते, निम्मे आत, निम्मे बाहेर. त्याने काखेत हात घालून ओढलं. घरी आणलं तेव्हा ओठ निळे होते. आणि हे मला म्हणतात, भिंगरीला कळवू नकोस, तिचं काम आहे. माझ्याने आता सोमवार निभत नाहीत. तुला जे करायचं ते कर. माझं नाव सांगितलंस तरी चालेल.

मामी

१८ मार्च

मामा,

आज सकाळी मी तुमच्या खात्याच्या इथल्या कार्यालयात दुसरं पत्र दिलं, हाती दिलं, पोच घेतली. पंपाच्या कारखान्याचा मापांचा कागद जोडला. स्लॅबचा नकाशा जोडला. खाली लिहिलं की पंप नऊशे साठ, तोंड आठशे, तेव्हा रजिस्टरमधल्या सव्वीस नोंदींपैकी एकही खरी असू शकत नाही. पाहिजे तर येऊन सगळ्यांसमोर पंप उचलून बघा. आणि लिहिलं की ऑपरेटर माझे सख्खे मामा आहेत आणि त्यांनी हे मला वाचवण्यासाठी केलं.

तुमची ती एक गोष्ट मी घेतली, मामा. मला माहीत होतं मी काय घेतेय. तुमचं पत्र समोर ठेवूनच लिहिलं.

माफी मागत नाही, कारण मागितली तर तुम्ही म्हणाल, मग केलंस कशाला. सोमवारी उतरू नका, एवढंच.

भिंगरी

२० एप्रिल

मामा,

अठरा मार्चपासूनचं हे चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना उत्तर नाही. मामीने कळवलं की तुम्हाला निलंबित केलंय, दिवसभर ओट्यावर बसता, पेपर उघडता आणि पान उलटत नाही. जुने सहकारी रस्त्याच्या पलीकडून जातात. पंपघर सध्या बाहेरून आणलेल्या पंपावर चालवतात आणि विहिरीला कुलूप आहे, हेही तिनेच लिहिलं.

माझं सांगते. परवाना दोन वर्षांसाठी गेला. खुर्ची तीच, टेबल तेच, पण आता फक्त दुसऱ्यांच्या नकाशांवरची मापं एकमेकांशी जुळवून बघते. पंपाच्या कागदावर काय आणि स्लॅबच्या कागदावर काय. ज्याने आधी केलं नाही त्यालाच बसवलंय या कामाला. सहकारी माझ्यासमोर "तोंड" हा शब्द काढत नाहीत. मी कुठे जाऊही शकत नाही, सहीवाचून इंजिनीअर कोण घेणार? सकाळी येते, जुळवते, जाते.

यातलं काहीच मला तेवढं लागत नाही. तुम्ही बोलत नाही ते लागतं. आठव्या वर्षापासून तुम्ही माझ्याशी एक दिवस अबोला धरला नव्हता, दिवाणखान्यातली काच फोडली तेव्हाही नाही. शिव्या घालून का होईना, लिहा. चार ओळी लिहा.

स्लॅब पाच मेला कापणार असं कळलं.

भिंगरी

११ मे

भिंगरे,

चार ओळी मागितल्यास, पण त्यात मावणार नाही.

स्लॅब कापायच्या दिवशी मला बोलावणं आलं. निलंबित माणसाला बोलवायचं त्यांच्या जिवावर आलं असणार, पण कुठली झडप कुठे बंद होते हे त्या ऑफिसात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. मी जाणार नव्हतो. मामीने चपला दारात आणून ठेवल्या आणि समोर उभी राहिली. गेलो.

आधी त्यांनी झाकण उघडून वायू मोजायचं यंत्र दोरीला बांधून खाली सोडलं. पर्यवेक्षक होते, मोठे साहेब होते, बदलीवाला होता. मी जिथे उभा राहायचो, पंपाच्या खिडकीपाशी, अगदी तिथवर सोडलं. ते यंत्र असं ओरडायला लागलं की मलासुद्धा ऐकू आलं. वर ओढलं. साहेबांनी आकडा वाचला आणि माझ्याकडे बघितलं. मला कागदावर लिहून विचारलं, इथे किती वेळ थांबायचात? मी म्हटलं, अर्धा तास. त्यांनी विचारलं, किती वेळा? मी म्हटलं, सत्तावीस. सव्वीस लिहिलेल्या आणि एक ज्याची नोंद राहिली.

 त्यांनी ते लिहून घेतलं नाही. हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. यंत्रावरच्या त्या आकड्याला माणूस पाच-सहा मिनिटं टिकतो, असं बदलीवाल्याने मला नंतर खुणेने सांगितलं. मी कसा टिकलो ते कुणालाच सांगता येईना. एखाद्या सोमवारी कमी असेल, एखाद्या सोमवारी जास्त. आज किती आहे हे मला कळायचा मार्ग नव्हता, नाक तर गेलंच होतं. ती विहीर दर आठवड्याला मला आत घ्यायची आणि सोडायची, आणि मला वाटायचं मी माझ्या मर्जीने येतोय जातोय.

मग कापला स्लॅब. तुझा पंप वर आला. चांगला आहे. पोटात एकही चिंधी नव्हती, शेवटच्या सोमवारी मीच काढली होती.

आता माझं ऐक. माझी चौकशी अजून चालू आहे. निवृत्तीच्या दिवशी मला कुणी हार घालणार नाही, आणि या खात्यात माझं नाव आता वेगळ्या गोष्टीसाठी निघेल. हे तू केलंस. मला विचारून केलं नाहीस. मी तुझ्यावर रागावलो आहे आणि अजून बरेच दिवस रागावलेलाच राहणार आहे. मामी म्हणते, सोडून द्या आता. मी तिला सांगितलं, नाही सोडणार. रागवायला माणूस उरावा लागतो, मी उरलोय, तर मला पोटभर रागवू दे.

तोवर तू लिहीत राहा. उत्तर देईनच असं नाही.

मामा